सूक्ष्मनियंत्रकासाठी स्वस्त प्रोग्रॅमरची निवड

चाकणच्या बाजारात खेड तालुक्यातील कांदा येतो, आणि चाकण, भोसरी व पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत त्याच भागातील शेतकऱ्यांची मुले कामास जातात. यंत्रे हाताळून आलेली ही मुले कांदाचाळीतील उष्णता मोजणारी किंवा विहिरीतील पाण्याची पातळी दाखविणारी लहान मंडले घरी हौसेने जुळवितात. हा उद्योग स्तुत्य आहे. त्यात पैसा वाया जाऊ नये, यासाठी ही माहिती देत आहोत.

प्रोग्रॅमर म्हणजे काय?
सूक्ष्मनियंत्रक ही एक लहान चिप होय. तिने कोणते काम करावे, याच्या आज्ञा संगणकावर लिहितात. त्या चिपमध्ये उतरविणाऱ्या उपकरणास प्रोग्रॅमर म्हणतात.

निवड कशी करावी?
१. प्रथम चिप ठरवावी, नंतर प्रोग्रॅमर. एका जातीच्या चिपचा प्रोग्रॅमर दुसऱ्या जातीस चालेलच असे नाही.
२. आर्डुइनो उनोसारखा तयार बोर्ड असल्यास वेगळा प्रोग्रॅमर घेऊ नये. यूएसबी तारेनेच काम होते.
३. एटमेगा ३२८पी ही सुटी चिप वापरावयाची असल्यास, शेजाऱ्याकडील उनो बोर्डच प्रोग्रॅमर म्हणून वापरता येतो. त्यासाठी लागणारी आज्ञावली आर्डुइनोच्या संगणक-प्रणालीतच दिलेली असते.
४. वारंवार काम पडत असल्यास यूएसबीएएसपी हा प्रोग्रॅमर घ्यावा. थॉमस फिशल यांनी त्याची रचना सर्वांसाठी खुली ठेवली आहे. म्हणून तो अनेक ठिकाणी तयार होतो व स्वस्त पडतो. पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत अशा वस्तूंची दुकाने आहेत.

जोडताना घ्यावयाची काळजी
प्रोग्रॅमरच्या सहा तारा चिपला जोडावयाच्या असतात : वीजपुरवठा, भूतार, रीसेट आणि माहितीच्या तीन. प्रोग्रॅमर ५ व्होल्टचा आणि मंडलातील संवेदक ३.३ व्होल्टचा असल्यास संवेदक जळण्याचा संभव असतो. म्हणून व्होल्ट आधी तपासावेत. नवी एटमेगा चिप १ मेगाहर्ट्झ गतीने चालते. प्रोग्रॅमरची गती तिच्या चौथ्या हिश्शाहून कमी असावी लागते. चिप ओळखली गेली नाही, तर ती बिघडली असे समजून टाकून देऊ नये; प्रथम ही गती कमी करून पाहावी.

चिपच्या अंतर्गत मांडणीसही फ्यूज म्हणतात. हे फ्यूज समजल्यावाचून बदलू नयेत. रीसेटचा फ्यूज चुकीचा बसल्यास पुढे या प्रोग्रॅमरने त्या चिपवर काहीच लिहिता येत नाही.

मंडल पंपाच्या स्टार्टरला जोडलेले असताना प्रोग्रॅमर कदापि लावू नये. मुख्य वीज बंद करून मंडल सोडवावे व घरात आणूनच काम करावे. यात कसूर झाल्यास जिवावर बेतते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस
दहा घरांत दहा प्रोग्रॅमर नकोत. एका गटास एक पुरतो. मात्र प्रत्येक शेतकऱ्याने आपल्या चिपमधील आज्ञांची प्रत स्वतःजवळ जपून ठेवावी. ऐन पावसाळ्यात चाळीतील चिप निकामी झाली, तरी प्रत जवळ असल्यास नवी चिप त्याच दिवशी तयार होते. प्रत नसल्यास मंडल करून देणाऱ्याची वाट पाहावी लागते, आणि तोवर चाळीतील कांदा थांबत नाही.