चार पानं हातात, खेळायची दोनच

तीन पत्ती लहानपणापासूनची, टेक्सास होल्डेमही बरीच वर्षं चाललेलं. त्यामुळे ओमाहाचे नियम बसल्या बैठकीला कळले. जड गेलं ते जुनं डोकं बाजूला ठेवणं. पत्त्यात मुरलेल्यांसाठी हे चार बोल.

१. हातातली बरोब्बर दोन, टेबलावरची बरोब्बर तीन. टेबलावर चार बदाम आणि तुमच्या हातात एकटा बदामचा एक्का असेल, तर होल्डेममध्ये तो तगडा फ्लश. ओमाहात तो फ्लशच नव्हे. आणि चारही एक्के आले म्हणून हुरळू नका: चालणार दोनच, उरलेले दोन तुम्हीच अडवून बसलेले.

२. चार पानांत सहा जोड्या असतात, आणि त्या समोरच्याकडेही असतात. होल्डेममध्ये सुरुवातीचे हात १,३२६ प्रकारचे, ओमाहात २,७०,७२५. म्हणून तिथे जिंकून देणाऱ्या दोन जोड्या किंवा बारीकसा फ्लश इथे खिसा रिकामा करतात. विचारायचं एकच: या टेबलावर होऊ शकणारा सर्वांत मोठा हात, म्हणजे ‘नट्स’, माझा आहे का? नसला तर होऊ शकतो का? चारही पानं एकमेकांच्या कामी येणारी हवीत. तुमच्याकडे गुलाम, दश्शी, सत्ती, छक्की आहे आणि टेबलावर नव्वी, अठ्ठी, दुर्री पडली, असं धरा. आत्ता हातात काहीच नाही. पण सीक्वेन्स पुरी करणारी वीस पानं गड्डीत आहेत, आणि पुढच्या दोन पानांत ती लागण्याची शक्यता सुमारे ७० टक्के. होल्डेममध्ये दोन्ही टोकांनी उघड्या सीक्वेन्सला आठच पानं मिळतात. उलट, चार वेगळ्या रंगांत दोन एक्के, एक सत्ती, एक दुर्री, हा हात दिसायला देखणा. मला विचाराल तर त्याच्यावर जीव टाकू नये.

३. तीन पत्तीवाल्यांना खास सूचना. आपल्याकडे सीक्वेन्स कलरला मारते, पोकरमध्ये कलर सीक्वेन्सला. हा लहरीपणा नाही. तीन पानांत साध्या सीक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६; पाच पानांत साध्या सीक्वेन्स १०,२०० आणि फ्लश ५,१०८. जे दुर्मीळ ते वरचढ.

४. ओमाहा बहुधा पॉट लिमिटने खेळतात. पॉट १००, समोरच्याने ५० लावले. तुमचे ५० धरून पॉट झाला २००, म्हणजे आणखी २०० पर्यंत वाढवता येतं. एकूण टाकायचे २५०. हा हिशेब बोटांवर बसेपर्यंत मोठ्या चालींच्या फंदात पडू नये.

पैसे लावून ऑनलाइन खेळणं २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंद केलं आहे, आणि शिकायला पैसे लागतही नाहीत. चार गडी जमवा, चिंचोके वाटा, आणि प्रत्येक डावानंतर सगळ्यांची चारही पानं उघडी टाकून कोणी काय धरलं आणि का, ते बोला.