खोटी साक्ष, पाच स्टारची



आपल्या एका तरुणाने परवा मला विचारले, "फादर, मित्राच्या चपलांच्या दुकानासाठी इंटरनेटवर दहा चांगले अभिप्राय लिहून द्यायचे आहेत. चप्पल मी घेतलेली नाही. पण यात कुणाचे काय बिघडते?" प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तर नीट शोधू या.

१. नुकसान कुणाचे?
कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्र व कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांतील कारागिरांचा तो मान आहे. पण घरबसल्या चप्पल मागवणाऱ्याला चामडे हाताळून पाहता येत नाही. तो इतरांच्या शब्दावर विसंबतो. रेक्झिनच्या चपलेला खोटे पाच स्टार मिळाले, की घेणाऱ्याचे पैसे जातात आणि अस्सल चप्पल शिवणाऱ्याची भाकरी जाते.

२. कायदा काय म्हणतो?
ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार फसव्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये खास अभिप्रायांसाठी 'आयएस १९०००' हे मानक आणले. लिहिणाऱ्याची खातरजमा करावी, विकत घेतलेले अभिप्राय प्रसिद्ध करू नयेत, असे ते सांगते. मात्र ते आले ऐच्छिक म्हणून. अमेरिकेने २०२४ साली नियम करून अशा अभिप्रायांच्या खरेदी-विक्रीवर बंदीच घातली. आपली फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करावी.

३. विवेक काय म्हणतो?
कायदा कंपनीला पकडेल. लिहिणारा हात बहुधा निसटेल. म्हणून आठवी आज्ञा आठवावी. आपल्या शब्दावर भरवसा ठेवून दुसरा पाऊल टाकणार, हे ठाऊक असताना बोललेला शब्द म्हणजे साक्ष. न वापरलेल्या वस्तूची शिफारस ही खोटी साक्षच होय. तत्त्ववेत्ता कांट विचारायचा: हेच सर्वांनी केले तर? मग अभिप्रायांवर कुणीच विश्वास ठेवणार नाही, आणि खोटा अभिप्रायही वाया जाईल. खोटे नेहमी इतरांच्या खरेपणावरच जगते.

त्या तरुणाला मी म्हटले, "चप्पल विकत घे, महिनाभर घाल, मग एकच अभिप्राय लिही. अंगठा सैल झाला तर तेही लिही, आणि दुकान मित्राचे आहे हेही." तो म्हणाला, "मित्र रागावेल." रागावेलही. पण गिऱ्हाईक टिकेल.

घरी चर्चेसाठी: न पाहता, न वापरता आपण कशाकशाची शिफारस पुढे पाठवतो?