हिरवं म्हणजे झालं का? : एअरफ्लोच्या पडद्याची ओळख



रोज सकाळी ठरल्या वेळी उठून एकच काम करायचं, तेही रविवारी आणि दिवाळीत, हे हॉस्टेलवाल्यांकडून होणं कठीण! म्हणून असली कामं कॉम्प्युटरवर सोपवतात. युनिक्सवर यासाठी ‘क्रॉन’ नावाचा प्रोग्रॅम १९७० च्या दशकापासून आहे. मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार असे पाच खाने भरायचे आणि पुढे कमांड लिहायची, की वेळ झाली की काम सुरू. पण क्रॉन फक्त घड्याळ बघतो. सहाचं काम अडकलं तरी साडेसहाचं काम सुरू होणारच, मग त्याच्यापुढे फाईल असो वा नसो.

ही अडचण सोडवायला जी सॉफ्टवेअर्स आली, त्यांत ‘एअरफ्लो’ हे एक मोठं नाव. एअरबीएनबी कंपनीत मॅक्सिम बोशमँ यांनी ऑक्टोबर २०१४ मध्ये त्याची सुरुवात केली. २०१५ मध्ये ते जाहीर झालं आणि २०१९ पासून ते अपाचे फाउंडेशनचा मुख्य प्रकल्प आहे. ते फुकट आहे, पायथनमध्ये आहे आणि आपल्या साध्या लॅबच्या मशीनवरही चालतं. आम्ही ते मिनी प्रोजेक्टसाठी वापरलं. त्याचं वेब पान इतकं छान रंगीत आहे की पहिल्या दिवशी वाटलं, यात शिकायचं काय? पुढे जे झालं त्यावरून हा लेख लिहिते आहे. आमच्या मशीनवर दुसऱ्या मालिकेतली आवृत्ती आहे. एप्रिल २०२५ मध्ये तिसरी मालिका आली, तिच्यात पानाचं रूप बदललं आहे, पण खालच्या बहुतेक गोष्टी तिथेही उपयोगी पडतील. जिथे फरक आहे तिथे सांगेनच.

पडद्यामागे कोण?

आधी एक गैरसमज दूर करू. ब्राउझरमध्ये दिसणारं पान काम करत नाही. काम कधी सुरू करायचं हे ‘शेड्युलर’ ठरवतो, ते प्रत्यक्ष करतो ‘वर्कर’, आणि कोणाचं काय झालं याची नोंद डेटाबेसमध्ये जाते. वेब पान ती नोंद वाचून आपल्याला दाखवतं, मेसच्या नोटीस बोर्डासारखं. म्हणून ब्राउझर बंद केला तरी कामं चालूच राहतात. आणि उलटही होतं! पान व्यवस्थित उघडतं, पण शेड्युलर केव्हाच बंद पडलेला असतो. अशा वेळी शेड्युलर चालू दिसत नाही अशी सूचना पानाच्या वर येते. ती न वाचता आम्ही दोघींनी एकदा अर्धा तास रिफ्रेश दाबत काढला आहे.

पहिलं पान

पोर्ट ८०८० वर लॉगिन केलं की ‘डॅग’ची यादी दिसते. डॅग म्हणजे डेटा स्ट्रक्चर्समध्ये शिकलो तो डिरेक्टेड असायक्लिक ग्राफ. बाण एकाच दिशेने जातात आणि फिरून पहिल्या जागी येत नाहीत. आमच्या डॅगमध्ये तीन कामं होती : गच्चीवरच्या उपकरणातून पावसाची आणि तापमानाची आकडेवारी आणणं, ती तपासणं आणि ती टेबलमध्ये साठवणं. ‘आणा’ झाल्याशिवाय ‘तपासा’ नाही, ‘तपासा’ झाल्याशिवाय ‘साठवा’ नाही.

प्रत्येक डॅगच्या डाव्या बाजूला एक छोटा स्विच असतो. नवीन डॅग आला की तो बहुधा बंदच असतो. ‘फाईल टाकली, डॅग दिसतोय, पण चालत का नाही?’ या प्रश्नाचं उत्तर दहापैकी नऊ वेळा हा स्विच असतो. पुढे डॅगचं वेळापत्रक, मागचा रन आणि पुढचा रन दिसतो. उजवीकडचा त्रिकोण म्हणजे ‘आत्ता चालव’ आणि कचऱ्याचा डबा म्हणजे ‘इतिहास पुसून टाक’. डबा दाबल्याने तुमची पायथन फाईल जात नाही. ती फोल्डरमध्ये असेल तर डॅग थोड्या वेळाने पुन्हा हजर होतो. पण जुन्या रन्सची नोंद मात्र कायमची जाते.

फाईल टाकूनही डॅग दिसत नसेल तर लगेच घाबरू नका. नवीन फाईल शोधायला शेड्युलर फोल्डरची फेरी मारतो आणि दोन फेऱ्यांमध्ये मूळ सेटिंगप्रमाणे पाच मिनिटं जातात. फाईलमध्ये चूक असेल तर पानाच्या वर लाल पट्टीत ती येते. कोडही पानावर वाचता येतो, पण तिथे बदलता येत नाही. त्यासाठी फाईलच उघडावी लागते.

ग्रिड वाचायचा कसा?

डॅगच्या नावावर क्लिक केलं की ‘ग्रिड’ उघडतो. आपल्या हजेरीपटासारखाच प्रकार आहे : आडव्या ओळी म्हणजे टास्क, उभे स्तंभ म्हणजे रन. स्तंभाच्या डोक्यावरची पट्टी जितकी उंच, तितका त्या रनला जास्त वेळ लागला. रोज छोटी असणारी पट्टी अचानक उंच झाली तर रंग हिरवा असला तरी काहीतरी बिनसलं आहे असं समजा.

रंगांचा अर्थ असा : गडद हिरवा म्हणजे यशस्वी, पोपटी म्हणजे चालू, लाल म्हणजे नापास. पिवळा म्हणजे एकदा फसलं, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न होणार. राखाडी म्हणजे रांगेत उभं आहे. गुलाबी म्हणजे मुद्दाम वगळलं. आणि केशरी म्हणजे ‘माझी चूक नाही, माझ्या आधीचा नापास झाला’! सगळीकडे केशरी दिसलं तर केशरी चौकोन उघडत बसू नका, त्यांच्या मागचा लाल शोधा.

चौकोनावर क्लिक केलं की उजवीकडे त्याची माहिती आणि ‘लॉग्ज’ मिळतात. प्रत्येक प्रयत्नाचा लॉग वेगळा असतो. लॉग वाचायचा कंटाळा येतो हे मान्य. पण या पानावर रंग बदलता येतात, लॉगमध्ये लिहिलेलं मात्र तिथून बदलता येत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

वेळेचे तीन घोटाळे

पहिला घोटाळा. आम्ही सकाळी ६ साठी ‘० ६ * * *’ लिहिलं आणि काम रोज साडेअकराला सुरू होऊ लागलं. कारण एअरफ्लो मुळात यूटीसी वेळ धरतो आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. पानाच्या वरच्या कोपऱ्यात घड्याळ आहे, तिथे भारतीय वेळ निवडता येते, आम्ही ती निवडली आणि खूष झालो. पण त्याने फक्त दाखवलेली वेळ बदलते, काम सुरू होण्याची नाही! खरा बदल डॅगमध्येच करावा लागतो : एक तर सुरुवातीच्या तारखेला ‘एशिया/कोलकाता’ हा टाइमझोन द्या, नाहीतर वेळापत्रक ‘३० ० * * *’ करा.

दुसरा घोटाळा तारखेचा. २० जुलैला झालेल्या रनवर १९ जुलै ही तारीख का? मेसचं बिल आठवा. जूनचं बिल जून संपल्यावर, जुलैमध्ये बनतं, पण त्याच्यावर ‘जून’च लिहितात. दुसऱ्या मालिकेत रनवर ज्या काळाची माहिती गोळा होते त्या काळाच्या सुरुवातीची तारीख असते आणि रन तो काळ संपल्यावर होतो. तिसऱ्या मालिकेत साध्या क्रॉन वेळापत्रकासाठी ही पद्धत मूळ सेटिंगमध्ये बदलली आहे, तिथे रन ज्या वेळेचा तीच त्याची तारीख.

तिसरा घोटाळा सगळ्यात मजेदार. डॅगमध्ये सुरुवातीची तारीख आम्ही सहज १ जून लिहिली होती. २० जुलैला संध्याकाळी स्विच चालू केला आणि बघता बघता ४९ रन उभे राहिले! याला ‘कॅचअप’ म्हणतात. मागच्या सगळ्या राहिलेल्या दिवसांची कामं एअरफ्लो भरून काढायला निघतो. दुसऱ्या मालिकेत हे मूळचंच चालू असतं, तिसऱ्या मालिकेत बंद. आमचं उपकरण जूनमध्ये खोक्यातच होतं, त्यामुळे ग्रिड लालेलाल. कॅचअप बंद ठेवलं असतं तर फक्त शेवटचा एक रन झाला असता.

दोन बटणं आणि पाच दिवस

आता मुख्य मुद्दा. नापास टास्कवर दोन मोठे उपाय पानावरच आहेत. ‘क्लिअर’ म्हणजे या चौकोनाची अवस्था पुसा, शेड्युलर तेच काम त्याच तारखेसाठी पुन्हा करेल. ‘मार्क सक्सेस’ म्हणजे काम न करता नोंदीत ‘झालं’ असं लिहा. एक पुन्हा परीक्षा देणं, दुसरं मार्कशीटवर खाडाखोड करणं!

ऑगस्टमध्ये लॅबच्या वायफायचा पासवर्ड बदलला. आमचं ‘आणा’ हे काम रोज लाल होऊ लागलं. युनिट टेस्ट चालू होत्या, आम्ही पाच दिवस पान उघडलंच नाही. रिव्ह्यूच्या आदल्या रात्री अकराला मी उघडलं तर पाच स्तंभ लाल आणि केशरी. पासवर्ड बदलून पुढचा रन नीट होईल एवढं केलं. मग त्या पाच स्तंभांच्या डोक्यावर एकेक क्लिक करून पूर्ण रनच ‘मार्क सक्सेस’ केला. पार्टनरला फोन करून सांगितलं, ‘झालं गं, सगळं हिरवं आहे.’ ती निवांत झोपली. मीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सरांनी ग्रिडकडे नुसतं पाहिलंही नाही. त्यांनी त्या पाचातला एक हिरवा चौकोन उघडला आणि थेट लॉग काढला. शेवटची ओळ : कनेक्शन झालं नाही. वर हिरवं, आत नापास. सरांनी विचारलं, “या दिवशी पाऊस किती पडला?” मी गप्प. रिव्ह्यूचे मार्क गेले, त्याचं काही नाही. पण आमचं उपकरण फक्त शेवटच्या सात दिवसांची आकडेवारी ठेवतं, नंतर जुन्यावर नवं लिहितं. आदल्या रात्री मी ‘क्लिअर’ दाबलं असतं तर पाचही दिवस मिळाले असते. रिव्ह्यूनंतर शरमेने मी दोन दिवस पार्टनरलाही काही सांगितलं नाही आणि मशीनकडेही फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी दोघी बसलो तेव्हा त्या पाचांपैकी तीन दिवस पुसले गेले होते. ‘क्लिअर’ करून दोन वाचवले. गेलेल्या तिन्ही दिवशी तुफान पाऊस होता. आणि ते उपकरण गच्चीवर बसवताना भिजत वायरिंग केलं होतं ते तिने, मी नाही. आमच्या रिपोर्टच्या टेबलमध्ये त्या तीन ओळींत ‘नोंद नाही’ असं लिहिलं आहे. ते मीच टाईप केलं.

‘मार्क सक्सेस’ वाईट नाही. एखादं काम तुम्ही हाताने पूर्ण केलं असेल आणि पुढची कामं अडली असतील तर ते बटण त्यासाठीच आहे. पण ते दाबण्याआधी स्वतःला विचारा : काम झालंय, की फक्त लाल रंग नकोसा झालाय?

‘क्लिअर’ करतानाही दोन गोष्टी बघा. दाबल्यावर कोणकोणती कामं पुन्हा होणार याची यादी येते, त्यात पुढची कामंही असतात. ती वाचून मगच हो म्हणा. दुसरं, कोडमध्ये ‘आजची तारीख’ असं लिहिलेलं असेल तर मागचा दिवस क्लिअर करूनही आजचीच माहिती येईल. तारीख नेहमी रनची घ्या. आणि तेच काम दोनदा झालं तरी टेबलमध्ये ओळी दुप्पट होऊ नयेत म्हणून त्या तारखेच्या जुन्या ओळी आधी काढून मग नव्या टाका.

जाता जाता

सकाळी पान उघडलं की हा क्रम ठेवा :

१. वर काही सूचना किंवा लाल पट्टी आहे का?

२. डॅगचा स्विच चालू आहे का, आणि पुढचा रन कधी आहे?

३. लाल चौकोन असेल तर लॉगची शेवटची काही पानं वाचा, कारण दूर करा, मगच क्लिअर.

४. सगळं हिरवं असेल तरी एक चौकोन उघडून लॉग बघा आणि टेबलमध्ये त्या दिवसाच्या ओळी मोजा.

चौथ्या कामाला दोन मिनिटं लागतात. आता आम्ही ते आळीपाळीने करतो : सम तारखेला मी, विषम तारखेला पार्टनर. आणि लाल दिसलं की ज्याची पाळी असेल तिने दुसरीला आधी फोन करायचा, बटण नंतर दाबायचं, असं ठरलं आहे.