मोतीचा दाखला

(परदेशी जाताना माणसाला पासपोर्ट लागतो, हे आपल्याला ठाऊक आहे. पण कुत्र्याला सरहद्द ओलांडायची असेल, तर काय लागते? इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामध्ये चालणाऱ्या फेरीबोटींच्या निमित्ताने प्रस्तुत पाठात ही माहिती दिली आहे.)

मुलांनो, तुमच्यापैकी जे कोकणात राहतात, त्यांनी फेरीबोट नक्कीच पाहिली असेल. आपण दाभोळच्या धक्क्यावर उभे असतो. खाडीच्या पलीकडे धोपावे दिसत असते. बोट येते. तिचा लोखंडी दरवाजा धक्क्यावर टेकतो आणि मोटारी, रिक्षा, मोटारसायकली सरळ बोटीत चढतात. मुंबईला भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या नेणारी मोठी बोट २०२० साली सुरू झाली. अशा बोटीमुळे रस्त्याचा मोठा वळसा वाचतो.

आता याहून कितीतरी मोठी फेरीबोट डोळ्यांसमोर आणा. तिच्या पोटात शेकडो मोटारी आणि मालट्रक मावतात. ती इंग्लंडमधील डोव्हर या बंदरातून निघते आणि इंग्लिश खाडी ओलांडून फ्रान्समधील कॅले बंदरात पोहोचते. या ठिकाणी खाडी सर्वांत अरुंद, म्हणजे सुमारे ३३ किलोमीटर रुंद आहे. बोटीला साधारण दीड तास लागतो. आकाश स्वच्छ असेल, तर डोव्हरच्या पांढऱ्या कड्यांवरून फ्रान्सचा किनारा दिसतो. इतके जवळ असूनही हे दोन वेगळे देश आहेत. त्यांच्यामध्ये सरहद्द आहे.

समजा, तुम्ही डोव्हरजवळ राहता. तुमच्या घरी एक कुत्रा आहे. त्याचे नाव आपण मोती ठेवू. उन्हाळ्याची सुट्टी लागली आहे. घरची सारी मंडळी मोटारीने फ्रान्सला निघाली आहेत. मोतीला घरी एकटे कसे ठेवायचे? तोही बरोबर येणार. सामान भरले, पासपोर्ट घेतले. आता निघायचे का? नाही, थांबा! मोतीची कागदपत्रे कुठे आहेत?

तुम्ही म्हणाल, "कुत्र्याला कसली कागदपत्रे?" मी हा विषय वर्गात सांगत होतो, तेव्हा एका मुलाने हाच प्रश्न विचारला. सगळा वर्ग हसला. पण प्रश्न हसण्यासारखा नाही. त्याचे उत्तर एका भयंकर रोगात आहे. त्या रोगाचे नाव रेबीज.

रेबीज झालेल्या कुत्र्याला आपण पिसाळलेला कुत्रा म्हणतो. रोगाचे विषाणू त्याच्या लाळेत असतात. तो माणसाला चावला, की विषाणू जखमेतून शरीरात शिरतात आणि नसांच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे जातात. या वाटचालीला काही आठवडे किंवा काही महिने लागतात. तोपर्यंत बाहेरून काहीच दिसत नाही. एकदा लक्षणे दिसू लागली, की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. कुत्र्याचेही असेच होते. आज उड्या मारणारा कुत्रा महिन्याभराने पिसाळू शकतो. म्हणूनच नुसते पाहून कुत्रा निरोगी आहे की नाही, हे सांगता येत नाही.

पूर्वी इंग्लंडमध्येही रेबीज होता. तेथील सरकारने कडक उपाय केले. कुत्र्यांच्या तोंडाला जाळी बांधणे सक्तीचे केले. १८९७ साली परदेशातून येणाऱ्या कुत्र्यांना वेगळे ठेवण्याचा कायदा आणला. १९०२ पर्यंत हा रोग तेथून नाहीसा झाला. चारही बाजूंनी समुद्र होता. लोक निर्धास्त झाले.

पण १९१८ साली काय झाले, ते ऐका. पहिले महायुद्ध संपत आले होते. लढाईवरून परतणाऱ्या काही सैनिकांनी तिकडचे कुत्रे लपवून बरोबर आणले. लढाईच्या धामधुमीत त्यांना त्या मुक्या जनावरांचा लळा लागला असेल. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण अशाच एखाद्या कुत्र्याबरोबर रेबीज पुन्हा इंग्लंडमध्ये शिरला, असे मानले जाते. तो पुन्हा घालवायला १९२२ साल उजाडावे लागले. विशाल समुद्राने जे अडवून धरले होते, ते चोरून आणलेल्या एका कुत्र्याने आत आणले.

त्यानंतर नियम फार कडक झाला. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला सहा महिने सरकारमान्य पिंजऱ्यात वेगळे ठेवले जाई. यालाच विलगीकरण म्हणतात. मालक भेटायला जात, पण कुत्र्याला घरी नेता येत नसे. खर्चही मालकालाच करावा लागे. सहा महिन्यांत पिल्लू मोठे होते. म्हातारा कुत्रा तर घर पुन्हा पाहीलच, याची खात्री नसे. त्यामुळे कित्येक कुटुंबे कुत्र्याला घेऊन परदेशी जातच नसत. हा नियम लोकांच्या भल्याचा होता, पण मुक्या प्राण्याला तो फार जड जात होता.

मग हा नियम सैल कसा झाला? लोकांनी ओरड केली म्हणून केवळ नव्हे. ज्ञान वाढले म्हणून. रेबीजची लस माणसाला प्रथम दिली, ती फ्रान्समध्येच. ६ जुलै १८८५ रोजी पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांच्या देखरेखीखाली जोसेफ मेस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला ती टोचण्यात आली. पिसाळलेल्या कुत्र्याने त्याला अनेक ठिकाणी चावे घेतले होते. तो मुलगा वाचला. पुढे कुत्र्यांसाठीही चांगल्या लसी निघाल्या. लस टोचलेला कुत्रा सुरक्षित असतो. पण लस याच कुत्र्याला टोचली, हे कसे ओळखायचे? दोन कुत्रे दिसायला अगदी सारखे असू शकतात. हा प्रश्न मायक्रोचिपने सोडवला. ही तांदळाच्या दाण्याएवढी वस्तू कुत्र्याच्या कातडीखाली सुईने बसवतात. तिच्यात पंधरा आकडी क्रमांक असतो. यंत्र जवळ नेले, की तो क्रमांक दिसतो.

लस आणि चिप यांच्या भरवशावर २८ फेब्रुवारी २००० पासून इंग्लंडने पिंजऱ्याचा नियम बदलला. फ्रान्ससारख्या काही देशांतून अटी पूर्ण करून येणारे कुत्रे थेट घरी जाऊ लागले. सुरुवातीला रक्ताची तपासणी आणि त्यानंतर सहा महिने थांबणे आवश्यक होते. २०१२ पासून युरोपीय संघातील देशांसाठी ही अटही गेली.

आता आपण मोतीची तयारी पाहू. ती नीट क्रमाने करावी लागते.

सर्वांत आधी मायक्रोचिप बसवायची. त्यानंतरच रेबीजची लस टोचायची. क्रम उलटा झाला, तर ती लस प्रवासासाठी धरली जात नाही. पुन्हा टोचावी लागते. लस देताना कुत्रा किमान १२ आठवड्यांचा असला पाहिजे. पहिली लस टोचल्यावर २१ दिवस थांबायचे. शरीरात प्रतिकारशक्ती तयार व्हायला वेळ लागतो.

मग दाखला घ्यायचा. पूर्वी ब्रिटनमधील कुत्र्यांना युरोपचा छोटा पासपोर्ट मिळत असे. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला आणि १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटनमध्ये दिलेले ते पासपोर्ट युरोपात चालेनासे झाले. म्हणून मोतीला सरकारमान्य पशुवैद्याकडून आरोग्याचा दाखला घ्यावा लागेल. फ्रान्सला पोहोचण्याआधीच्या दहा दिवसांत तो घ्यायचा असतो. शाळा बदलताना तुम्ही दाखला घेता ना? तसाच हा मोतीचा दाखला. त्यावर चिपचा क्रमांक आणि लसीची तारीख लिहिलेली असते. एक आकडा चुकला, तरी अडचण येते.

आता प्रवास. मोटार बोटीत शिरते. खलाशी जागा दाखवतात. हँडब्रेक लावायचा. बोट हलली, की गाडीचा भोंगा वाजू लागतो, म्हणून तो बंद ठेवायचा. बोट निघाल्यावर गाड्यांच्या मजल्यावर कोणालाही थांबू देत नाहीत. माणसे वर जातात. बहुतेक कुत्रे गाडीतच राहतात. काही बोटींवर मात्र कुत्र्यांसह बसण्यासाठी वेगळी खोली असते. मोतीला गाडीत ठेवायचे असेल, तर निघण्यापूर्वी त्याला थोडे फिरवून आणा. पोटभर खायला घालू नका. काच थोडी उघडी ठेवा. सांडणार नाही अशा भांड्यात पाणी ठेवा. त्याच्या ओळखीची एखादी जुनी चादर अंथरा. दीड तास त्याला तुमचा आवाज ऐकू येणार नाही, पण तुमचा वास जवळ असेल.

परतीच्या वेळी आणखी एक काम असते. फ्रान्समध्ये कोल्ह्यांच्या पोटात एक बारीक जंत आढळतो. तो कुत्र्यामार्फत माणसापर्यंत पोहोचला, तर यकृताचा गंभीर आजार होतो. हा जंत ब्रिटनमध्ये नाही. तो येऊ नये म्हणून ब्रिटनमध्ये शिरण्यापूर्वी २४ ते १२० तासांच्या आत पशुवैद्याकडून कुत्र्याला औषध द्यावे लागते. औषधाची तारीख आणि वेळ कागदावर लिहून घ्यावी लागते. कॅले बंदरात बोटीवर चढण्याआधी यंत्राने मोतीची चिप वाचली जाते आणि कागदावरच्या क्रमांकाशी ताडून पाहिली जाते. क्रमांक जुळला, की वाट मोकळी! नाही जुळला, तर बोट तुम्हाला मागे सोडून निघून जाते.

मुलांनो, आपल्या देशातून ब्रिटनला कुत्रा नेणे अधिक अवघड आहे. लस टोचल्यावर निदान ३० दिवसांनी रक्त तपासावे लागते आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबावे लागते. याचे कारण असे, की आपल्या देशातील कुत्र्यांमध्ये रेबीज अजून आहे. २०३० पर्यंत कुत्र्यांपासून होणाऱ्या रेबीजचे उच्चाटन करायचे, असे भारताने ठरवले आहे. गोव्यात गावोगावच्या कुत्र्यांना लस टोचून हा रोग बराच आटोक्यात आणला गेला आहे. म्हणजे हे काम आपल्यालाही जमते.

माझ्या लहानपणी आमच्या मोहल्ल्यात एका मुलाला कुत्रा चावला. कोणी हळद आणली, कोणी मिरचीची पूड आणली. तेवढ्यात शेजारच्या एक नर्सबाई धावत आल्या. त्यांनी ते सारे बाजूला केले आणि मुलाचा पाय नळाखाली धरला. साबण लावून त्या तो बराच वेळ धूत राहिल्या. मग त्याला दवाखान्यात नेले. त्याने सगळी इंजेक्शने घेतली. आज तो मुलगा स्वतः बाप झाला आहे.

तुम्हीही हे लक्षात ठेवा. कुत्रा चावला किंवा त्याने ओरखडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा. मिरची, चुना, हळद काहीही लावू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा. डॉक्टर सांगतील तितकी इंजेक्शने पूर्ण घ्या. आणि घरी मार बसेल या भीतीने चावा लपवू नका. इंग्लंडमध्ये सैनिकांनी कुत्रा लपवला, त्याची किंमत दुसऱ्यांना मोजावी लागली. चावा लपवला, तर त्याची किंमत तुम्हालाच मोजावी लागेल.

बंदरावर मोतीची चिप वाचायला जेमतेम एक मिनिट लागते. एके काळी त्या एका मिनिटाच्या जागी सहा महिन्यांचा पिंजरा होता. नियम तोडून तो पिंजरा उघडला नाही. रोग समजून घेतला, लस शोधली, खरा दाखला लिहिला, तेव्हा तो उघडला.

शब्दार्थ

सरहद्द – दोन देशांमधील सीमा
धक्का – बोट लागण्याची जागा (‘धक्का देणे’ याचा अर्थ वेगळा)
बंदर – जेथे जहाजे थांबतात ती जागा, बंदरगाह (मराठीत माकडाला बंदर म्हणत नाहीत)
लळा लागणे – माया जडणे
निर्धास्त – ज्याला भीती नाही असा
विलगीकरण – रोग पसरू नये म्हणून वेगळे ठेवणे
ताडून पाहणे – जुळते का ते तपासणे
उच्चाटन – मुळापासून नाहीसे करणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) डोव्हरहून निघालेली बोट कोणत्या बंदरात पोहोचते?
(२) मायक्रोचिप केवढी असते?
(३) रेबीजची लस टोचल्यानंतर किती दिवस थांबावे लागते?

प्र. २. कारणे लिहा.
(१) नुसते पाहून कुत्रा निरोगी आहे की नाही हे सांगता येत नाही.
(२) मायक्रोचिप लसीच्या आधी बसवावी लागते.

प्र. ३. पाच-सहा वाक्यांत उत्तर लिहा.
‘सैनिकांचा हेतू वाईट नव्हता, तरी परिणाम वाईट झाला.’ हे पाठाच्या आधारे स्पष्ट करा.

प्र. ४. दाखला, कायदा, जहाज, कागद हे शब्द मराठीत आणि उर्दूत आढळतात. प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.

उपक्रम : कुत्रा चावल्यावर काय करावे, याचा एक तक्ता मराठीत व उर्दूत तयार करून वर्गात लावा.