माडाच्या पिवळ्या झावळ्या आणि मॅग्नेशियम

मिठागरातून आणलेले जाडे मीठ पावसाळ्यात पाणी सोडते, हा अनुभव गोव्यात घरोघरी आहे. हवेतील ओल मुख्यत्वे शोषून घेतो तो त्यात मिसळलेला मॅग्नेशियम क्लोराईड हा कडवट क्षार. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे १.३ ग्रॅम मॅग्नेशियम असते.

हा धातू सर हंफ्री डेव्ही यांनी १८०८ साली विजेच्या साहाय्याने प्रथम वेगळा केला. तो अ‍ॅल्युमिनियमहूनही हलका आहे. त्याची फीत पेटविल्यास डोळे दिपविणारा शुभ्र प्रकाश पडतो. शिक्षकांनी हा प्रयोग दाखविताना विद्यार्थ्यांना ज्योतीकडे टक लावून पाहू देऊ नये व जवळ कोरडी वाळू ठेवावी. पेटलेल्या मॅग्नेशियमवर पाणी कदापि ओतू नये.

बागायतदाराचा या धातूशी संबंध अधिक निकटचा आहे. हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूच्या केंद्रस्थानी मॅग्नेशियमचा एक अणू असतो. आपल्या जांभ्या जमिनी आम्लधर्मी. मुसळधार पावसाने त्यांतील मॅग्नेशियम धुपून जाते. समुद्र हाकेच्या अंतरावर आणि माड मात्र उपाशी, असा हा प्रकार आहे.

उणीव प्रथम खालच्या, जुन्या झावळ्यांवर दिसते, कारण माड त्यांतील मॅग्नेशियम काढून कोवळ्या पानांस पुरवितो. पाती टोकांकडून पिवळी पडतात, मधला भाग हिरवा राहतो. उन्हाकडील बाजू अधिक पिवळी दिसते. नत्राच्या अभावी पान सर्वत्र सारखेच फिकट होते. हा भेद न ओळखता अनेकजण युरिया घालतात आणि पैसा व्यर्थ जातो. पालाशाची मात्रा बेसुमार वाढविल्यासही मुळांना मॅग्नेशियम मिळणे कठीण होते.

माती-परीक्षणाने उणीव ठरल्यास पूर्ण वाढलेल्या माडास वर्षाला ५०० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट आळ्यात द्यावे. जमीन फार आम्ल असल्यास डोलोमाइट चुनखडी उपयुक्त, परंतु तिचा गुण सावकाश येतो.

माणसाच्या शरीरातही सुमारे २५ ग्रॅम मॅग्नेशियम असते, त्यातील निम्म्याहून अधिक हाडांत. नाचणी, तीळ, कडधान्ये व पालेभाज्यांतून ते मिळते. तांदूळ फार सडल्यास बरेचसे कोंड्याबरोबर जाते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र त्याच्या गोळ्या वैद्यकीय सल्ल्यावाचून घेऊ नयेत.

एकदा पिवळी पडलेली झावळ पुन्हा हिरवी होईल अशी अपेक्षा बागायतदाराने धरू नये. उपाय लागू पडला की नाही, हे त्यानंतर येणाऱ्या झावळ्या जुन्या होईपर्यंत हिरव्या राहतात का, यावरून पाहावे.