टँकरवरची पाटी वाचायला शिका

काही वर्षांपूर्वी भर दुपारी एका क्लीनरला माझ्या दवाखान्यात आणले. वय असेल एकोणीस-वीस. टँकरचा गळणारा व्हॉल्व्ह आवळायला गेला आणि पिचकारी थेट डोळ्यांत उडाली. मी ड्रायव्हरला विचारले, "टाकीत काय आहे?" तो म्हणाला, "मालकानं सांगतलंच नाही, डॉक्टरसाहेब." केबिनमध्ये कागद नव्हता, टाकीवर पाटी नव्हती. पाण्याने धुण्याऐवजी कोणीतरी डोळ्यांत दूध घातले होते. पोराचा एक डोळा वाचला, दुसरा गेला. जागेवरच वीस मिनिटे पाण्याची धार धरली असती, तर कदाचित दोन्ही वाचले असते.

नागपुरात राष्ट्रीय महामार्ग ४४ व ५३ एकत्र येतात. पेट्रोल, गॅस, आम्ल यांचे टँकर आपल्या दारावरून जातात. म्हणून हा विषय केवळ ड्रायव्हरचा नाही, तुमच्या-आमच्या आरोग्याचाही आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे असा माल नेणाऱ्या ड्रायव्हरने तीन दिवसांचे खास प्रशिक्षण घेतलेले असावे लागते. त्याला इंग्रजी व एक भारतीय भाषा लिहिता-वाचता यायला हवी. माल पाठवणाऱ्याने धोक्याची पूर्ण माहिती द्यायची आणि ड्रायव्हरने ती लेखी स्वरूपात केबिनमध्ये ठेवायची. वाहनावरील पाटीवर मालाचे नाव, धोक्याचे चौकटचिन्ह व फोन नंबर हवेत. चार आकडी क्रमांकही ओळखा : १२०३ म्हणजे पेट्रोल, १०७५ स्वयंपाकाचा गॅस, १८३० गंधकाम्ल, १०१७ क्लोरीन. हा क्रमांक फोनवर सांगितला, तरी अग्निशमन दल व डॉक्टर योग्य तयारीने येतात.

टँकर उलटला तर एवढे करा :

१) वारा जिकडून येतो तिकडे दूर जा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने खोलगट जागी, नालीत साचतो. तिथे थांबू नका. विडी-काडी, गाडी सुरू करणे बंद.

२) ११२ वर फोन करा, पण सुरक्षित अंतरावर गेल्यावरच.

३) अंगावर आम्ल उडाल्यास कपडे काढून वाहत्या पाण्याने किमान वीस मिनिटे धुवा. हळद, टूथपेस्ट, सोडा काही लावू नका.

४) नळीने ओढताना पेट्रोल पोटात गेल्यास ओकारी काढू नका. ते फुप्फुसात शिरले तर न्यूमोनिया होतो.

आणि सांडलेले इंधन भरायला कधीही धावू नका. पाकिस्तानात अहमदपूर शर्किया येथे २५ जून २०१७ रोजी उलटलेल्या टँकरचे पेट्रोल गोळा करायला गर्दी जमली; आग भडकून दोनशेहून अधिक माणसे गेली. आपल्याकडे १३ जून २०२३ रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर रसायनाचा टँकर पेटला, तेव्हा पुलाखालच्या रस्त्यावरील माणसेही होरपळली.

स्फोटके व पेट्रोलियम सुरक्षेचे काम पाहणाऱ्या 'पेसो'चे मुख्यालय आणि राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आपल्याच गावात आहे. तरी आपल्या पोरांना टाकीत काय आहे हे ठाऊक नसावे, हे शोभत नाही. वाहनमालकांनो, ड्रायव्हरसोबत क्लीनरलाही शिकवा. केबिनमध्ये माहितीचा कागद आणि स्वच्छ पाण्याचा मोठा कॅन ठेवा. एका डोळ्यापेक्षा तो नक्कीच स्वस्त आहे.