लॅबचा कोर्स लावण्याआधी कागद तपासा

बारावीचा निकाल लागला की वस्तीतल्या आयाबाया आमच्याकडे येऊन एकच विचारतात : "ताई, पोराला लॅबचा कोर्स लावू का? त्यांच्या बोर्डावर लिहिलंय, शंभर टक्के नोकरी." नांदेड असो की लातूर, दोन्हीकडे हेच. लातूर पॅटर्नचा बोलबाला मोठा, म्हणून आपलीही लेकरे नीटची तयारी करतात. एकदा परीक्षा दिली, दुसऱ्यांदा दिली, थोडक्यात मार्क हुकले, क्लासच्या फीचे कर्ज तेवढे डोक्यावर राहिले. मग आठ दिवसांत घाईघाईने कुठल्या तरी गाळ्यातल्या संस्थेत पैसे भरले जातात. दोन वर्षांनी हातात जो कागद येतो, तो सरकारी भरतीत चालतच नाही.

लॅबचे काम चांगले आहे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. आम्ही वॉर्डात ड्युट्या केल्या, तेव्हा रात्री दोन वाजता मलेरियाची स्लाइड बघून फोन करणारा टेक्निशियन किती मोलाचा असतो हे अनुभवले आहे. पण या क्षेत्रात पगार हाताच्या कौशल्यावर ठरत नाही, कागदावर ठरतो. म्हणून फी भरण्याआधी कागद समजून घ्या.

लॅबमध्ये सगळेच "लॅबवाले" नसतात. रक्त काढणारा वेगळा, तपासणी करणारा वेगळा, रिपोर्टवर सही करणारा वेगळा. सही करणारा तो पॅथॉलॉजिस्ट. तो डॉक्टरच असतो : साडेचार वर्षांचे एमबीबीएस, एक वर्ष इंटर्नशिप आणि त्यापुढे तीन वर्षांचे एमडी पॅथॉलॉजी. १२ डिसेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या प्रकरणात स्पष्ट केले की, लॅबच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीतले पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरची सही हवी. डीएमएलटी झालेल्याने तपासणी करावी, पण स्वतःच्या एकट्याच्या सहीने रिपोर्ट देऊ नये. "कोर्स झाला की स्वतःची लॅब टाका" असे सांगून प्रवेश देणारी संस्था ही गोष्ट लपवते. रोग्याच्या बाजूनेही हे लक्षात ठेवा. घरी रिपोर्ट आला की खाली कोणाची सही आहे, त्याखाली शिक्षण आणि नोंदणी क्रमांक आहे का, ते बघा.

आता टेक्निशियनकडे येऊ. आपल्या बहुतेक मुलांचा प्रश्न इथलाच आहे. २०२१ मध्ये केंद्राने संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. लॅबचे काम त्याच्या यादीत पहिल्याच गटात आहे. या कायद्याप्रमाणे पदविकेचे किंवा पदवीचे शिक्षण किमान २,००० तासांचे आणि किमान दोन वर्षांचे हवे. याच्या वरचा दर्जा पदवीचा, त्याला किमान ३,६०० तास आणि तीन वर्षे. म्हणजे सहा महिन्यांचा "लॅब टेक्निशियन कोर्स" हा या हिशेबात बसतच नाही. ज्याने असा कोर्स केला आहे त्याला रक्त काढता येत असेल, त्याचा हातही हलका असेल, पण कायदा त्याला टेक्निशियन म्हणत नाही. राज्यातही परावैद्यक परिषदेचा २०११ चा कायदा आहे आणि टेक्निशियनने नोंदणी करणे अपेक्षित आहे. संस्थेच्या ऑफिसात जाऊन पहिला प्रश्न हाच विचारा : "तुमच्याकडचे किती विद्यार्थी परिषदेत नोंदले गेले? एखाद्याचे नोंदणीपत्र दाखवा." जो खरा आहे तो दाखवतो. जो चहा मागवून विषय बदलतो, तिथून उठावे.

दुसरा प्रश्न : प्रमाणपत्र कोण देणार? वैद्यकीय महाविद्यालयांतला पॅरामेडिकलचा पदवी अभ्यासक्रम नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा असतो, त्याला बीपीएमटी म्हणतात. डीएमएलटी एखाद्या विद्यापीठाची किंवा राज्य शासनाच्या मंडळाची असते. "दिल्लीची कौन्सिल", "भारत सरकार नोंदणीकृत संस्था" अशी मोठमोठी नावे ऐकून भुलू नका. संस्था म्हणून नोंदणी असणे वेगळे आणि अभ्यासक्रमाला मान्यता असणे वेगळे. पतपेढीसुद्धा नोंदणीकृत असते.

तिसरी गोष्ट म्हणजे प्रॅक्टिकल कुठे होणार. रोज नमुने येतात अशी जागा हवी. चार खुर्च्या, एक मायक्रोस्कोप आणि भिंतीवर तक्ते एवढ्यावर लॅब शिकता येत नाही. नांदेडला विष्णुपुरीत डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. तिथल्या लॅबबाहेरची सकाळची रांग एकदा मुलाला दाखवून आणा, मग गाळ्यातली संस्था दाखवा. फरक त्यालाच कळेल.

शिक्षण एवढे का महत्त्वाचे, याचे एक उदाहरण देतो. किनवट-माहूरच्या पट्ट्यात सिकलसेल आढळतो, विदर्भातल्या आपल्या समाजातही तो आहे. त्याची पहिली चाचणी सोपी असते : रक्ताचे थेंब द्रावणात टाकायचे, गढूळ झाले तर पॉझिटिव्ह. पण ही चाचणी रुग्ण आणि नुसता वाहक यांतला फरक सांगत नाही, दोघांचेही द्रावण गढूळ होते. फरक कळायला पुढची चाचणी लागते, इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी. अर्धवट शिकलेल्याने पहिल्याच चाचणीवर "मुलीला सिकलसेल आहे" असे सांगितले, की ठरलेले लग्न मोडते आणि धडधाकट पोरगी आयुष्यभर आजारी म्हणून वागवली जाते. चूक तेवढी लहान, घाव एवढा मोठा.

आता पगार. खासगी लॅबमध्ये नव्या मुलाचा पगार दहा हजारांच्या अलीकडे-पलीकडे घुटमळताना आम्ही पाहतो. नांदेडची डॉक्टर लेन घ्या, लातूरचा औसा रोड घ्या. "सध्या शिकायला मिळतंय ना," असे म्हणून पहिले काही महिने त्याहूनही कमीवर काढले जातात. राष्ट्रीय आरोग्य अभियानात कंत्राटी टेक्निशियनला अलीकडच्या जाहिरातींत साधारण १७,००० रुपये मानधन दिसते. करार मात्र पुन्हा पुन्हा नवा करावा लागतो.

आणि कायम नोकरी? २०२३ च्या जिल्हा परिषद भरतीत प्रयोगशाळा तंत्रज्ञाची वेतनश्रेणी ३५,४०० ते १,१२,४०० रुपये होती. हे मूळ वेतन झाले, महागाई भत्ता आणि घरभाडे वेगळे. त्याच वर्षीच्या आरोग्य विभागाच्या भरतीतल्या प्रयोगशाळा वैज्ञानिक अधिकाऱ्यालाही हीच श्रेणी. एकच सुई, एकच मायक्रोस्कोप, आणि पगारात तिप्पट-चौपट अंतर.

पण या दोन्ही पदांना पदवी लागते. जिल्हा परिषदेने विज्ञान शाखेची पदवी मागितली होती, आरोग्य विभागाने विज्ञानाच्या पदवीवर डीएमएलटी किंवा लॅबमधली पॅरामेडिकल पदवी. बारावीनंतर थेट डीएमएलटी केलेला मुलगा इथे अर्जच भरू शकत नाही. आमच्या ओळखीच्या एका मुलाची खासगी लॅबमध्ये चार वर्षे झाली होती, मशीनसुद्धा तोच दुरुस्त करायचा, पण २०२३ ची जाहिरात वाचून तो गप्प बसला. त्याच जागेवर त्याच्याच वर्गातली बीएस्सी झालेली मुलगी अर्ज करू शकली.

म्हणून आमचे मत सरळ आहे. घरची परिस्थिती तीन-चार वर्षे धीर धरू शकत असेल, तर बीएस्सी करून त्यावर डीएमएलटी करावी, किंवा थेट बीपीएमटीला जावे. तेवढा धीर धरणे शक्य नसेल तर मान्यताप्राप्त डीएमएलटी करून कमाई सुरू करावी आणि नोकरी करता करता विज्ञानाची पदवी पूर्ण करावी. अनुसूचित जातीच्या उमेदवाराला राज्याच्या भरतीत वयाची ४३ वर्षांपर्यंत सवलत आहे, त्यामुळे "आता काय उपयोग" असे तिशीत म्हणण्याचे कारण नाही. विषय निवडताना मागच्या जाहिरातीतली पात्रतेची ओळ शब्दन् शब्द वाचा. रसायनशास्त्र, प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र असे विषय तिथे नावानिशी लिहिलेले असतात.

पैशाचे काय? पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर राज्याची फ्रीशिप आहे. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर राहण्या-जेवणासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. अजूनही एखादा कारकून म्हणतो, "तुम्ही बौद्ध, तुम्हाला हे लागू नाही." त्याला १९९० चा कायदा सांगा. अनुसूचित जातींमधून बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या सवलती त्या वर्षीच्या दुरुस्तीने मिळाल्या. १९५६ नंतर त्यासाठी चौतीस वर्षे वाट पाहावी लागली, तेव्हा कारकुनाच्या एका वाक्यावर परत फिरू नका. जातीचा दाखला, जात वैधता आणि उत्पन्नाचा दाखला ही कामे निकालाआधीच उरकून ठेवा, वैधतेला वेळ लागतो.

इथे एक सोपी परीक्षाही होते. महाडीबीटीच्या पोर्टलवर त्या संस्थेचे आणि त्या कोर्सचे नाव निवडायला येते का, ते सेतू केंद्रात बसून बघा. येत नसेल तर शिष्यवृत्ती नाही, आणि मान्यतेबद्दलही शंका घ्यावी. "आमच्याकडे शिष्यवृत्ती चालत नाही, पण हप्ते पाडून देतो," असे म्हणणाऱ्याची दयाळूपणा म्हणून तारीफ करू नका.

शिष्यवृत्तीची मोठी रक्कम आता विद्यार्थ्याच्या आधार जोडलेल्या खात्यात येते. त्यात कॉलेजची फी असते. घरात आजारपण निघते, लग्न निघते, पैसे खर्च होतात, आणि मग कॉलेज गुणपत्रिका अडवते. हे आम्ही इतक्या घरांत पाहिले आहे की आयांना हात जोडून सांगतो : पैसे आले त्याच आठवड्यात फी भरा, पावती घ्या.

नोकरी लागल्यावरही काही गोष्टी मागून घ्याव्या लागतात. मूळ प्रमाणपत्रे मालकाकडे ठेवू नका, झेरॉक्स द्या. पगार खात्यात मागा, नेमणुकीचे पत्र मागा. घरोघरी नमुने गोळा करायला पाठवत असतील तर पेट्रोलचे पैसे आधी ठरवून घ्या, विशेषतः मुलींनी, कारण पहाटे सहाला स्कूटी त्यांचीच बाहेर निघते. किमान वेतन खासगी लॅबलाही चुकत नाही. दहा किंवा अधिक माणसे असतील आणि पगार २१,००० च्या आत असेल तर ईएसआयचे विचारा. बारा हजारांवर आपले ९० रुपये कापले जातात, मालक ३९० भरतो, आणि त्यात घरच्यांचा दवाखाना आणि २६ आठवड्यांची बाळंतपणाची पगारी रजा येते. वीस माणसांच्या वर पीएफ.

शेवटी सुईचे, कारण नवी मुले याबाबत फार बेफिकीर असतात. कामाला लागण्याआधी हिपॅटायटिस बी ची लस घ्या : पहिला डोस, एक महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे ही लस आणि धनुर्वाताची लस देणे ही मालकाची जबाबदारी आहे, तुमच्या खिशाची नाही. वापरलेल्या सुईला टोपण परत लावू नका, ती थेट पांढऱ्या, न टोचल्या जाणाऱ्या डब्यात टाका. टोचलीच तर जागा दाबू नका, तोंडात घालू नका, वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. ज्याचे रक्त होते त्याचे नाव लिहून ठेवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. एचआयव्ही रोखणारे औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते, पहिल्या दोन तासांत झाले तर उत्तम, आणि ते २८ दिवस घ्यायचे असते. "मालक रागावतील" म्हणून लपवू नका. रजिस्टरमध्ये नोंद करून घ्या आणि तिचा फोटो स्वतःजवळ ठेवा.